शब्दांची सोयरीक आणि भाषेचे कुळ

दोन शब्द कानाला सारखे लागले की दोन भाषा बहिणी ठरवून मोकळे होण्याचा एक उद्योग गेली शंभर वर्षे जगात अखंड चालू आहे. त्याला ना व्याकरणाचे बंधन, ना इतिहासाची चाड. पूर्वी तो जाडजूड ग्रंथांतून चाले. आता तो भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून घरोघरी पोहोचतो. या उद्योगाचे एक आवडते गिऱ्हाईक म्हणजे कोरियन भाषा. कोरियनमध्ये 'मानी' म्हणजे पुष्कळ, इंग्रजीत 'मेनी' म्हणजे पुष्कळ. कोरियनमध्ये 'दुल' म्हणजे दोन, लॅटिनमध्ये 'दुओ' म्हणजे दोन. 'बोरी' आणि 'बार्ली', 'सी' आणि 'सीड', 'तोंग' आणि 'डंग'. अशी दहा-वीस जोड्यांची यादी पुढे ठेवायची आणि विचारायचे, 'एवढे साम्य योगायोगाने कसे येईल?' ऐकणारा थक्क होतो, मान डोलावतो आणि एक खोटे ज्ञान म्हणून स्वीकारतो.

हा केवळ रिकामटेकड्यांचा खेळ असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु शब्दांच्या या सोयरिकीतून एका राष्ट्राची भाषा गिळंकृत करण्याचा प्रयत्न विसाव्या शतकात झालेला आहे, आणि ज्या राष्ट्रावर तो प्रसंग आला ते राष्ट्र कोरियाच होते. म्हणून या विषयाकडे गंमत म्हणून पाहून चालणार नाही.

युरोपीय पितृत्वाचा हव्यास

कोरियन भाषेला युरोपच्या दारात नेऊन बांधण्याची हौस जुनी आहे. हाइनरिश कोपेलमान यांनी १९३३ साली 'युरेशियन भाषाकुळ' या नावाची उपपत्ती ग्रंथरूपाने मांडली आणि तीत कोरियन व भारत-युरोपीय भाषा एकाच छत्राखाली आणल्या. १९०९ साली कोरियात गेलेले जर्मन बेनेडिक्टाइन मिशनरी आंद्रे एकार्ट यांनी कोरियन कला व भाषा यांचा दीर्घ अभ्यास केला. त्या कामाबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु १९६६ साली त्यांनी कोरियन ही भारत-युरोपीय कुळातीलच भाषा असल्याचे प्रतिपादणारा ग्रंथ लिहिला. पुढे अमेरिकी अभ्यासक जोसेफ ग्रीनबर्ग यांनी २००० आणि २००२ साली दोन खंडांत 'युरेशियाटिक' महाकुळाची कल्पना विस्ताराने मांडली. त्यांच्या त्या प्रचंड मांडवात युरोपच्या भाषांबरोबर कोरियन आणि जपानीही बसविल्या गेल्या.

भाषाशास्त्राच्या विद्वत्सभेने यांपैकी एकही मांडणी स्वीकारलेली नाही. आज अभ्यासकांचे सर्वसाधारण मत असे की, कोरियन आणि जेजू बेटावरील तिची भगिनीभाषा यांचे एक छोटेसे स्वतंत्र कुळ आहे. त्यापलीकडचे कोणतेही नाते निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. तुर्की, मंगोल आणि मांचू-तुंगूस भाषांशी कोरियनचे नाते जोडणारी अल्ताई उपपत्ती फिनलंडचे पंडित गुस्ताफ रामस्टेट यांच्यासारख्या व्यासंगी माणसाने उचलून धरली होती. त्यांचा कोरियन व्युत्पत्तींवरील ग्रंथ १९४९ सालचा. ती उपपत्तीदेखील आज बहुसंख्य तज्ज्ञांना मान्य नाही. शेजारच्या भाषांशी नाते सिद्ध होताना जिथे एवढी दमछाक होते, तिथे हजारो मैलांवरच्या इंग्रजी-जर्मनशी ते वीस शब्दांत सिद्ध व्हावे, हा चमत्कारच म्हणायचा!

मूळ रूप पाहताच साम्य विरते

ही यादी कशी कोसळते ते पाहणे उद्बोधक आहे. कारण तिला पाडण्यासाठी बाहेरून कोणी यावे लागत नाही. प्रत्येक शब्दाचे जुने रूप शोधले की यादी आपल्या भाराने खाली येते.

पहिला 'दुल'. बाराव्या शतकाच्या आरंभी सुंग राजवटीतील एका चिनी अधिकाऱ्याने कोरियन शब्दांची एक सूची करून ठेवली. त्या सूचीत 'दोन' या अर्थाचा शब्द चिनी चिन्हांत असा नोंदविला आहे की, त्याचा उच्चार 'तुबुल'च्या जवळपास जातो. मधला ओष्ठ्य वर्ण पुढे झिजला आणि 'दुल' उरला. म्हणजे आज जे साम्य दिसते ते नऊशे वर्षांपूर्वी कमी होते. खरे नाते असते तर मागे जावे तसे साम्य वाढायला हवे. इथे ते घटते. शिवाय 'दोन' जुळला म्हणावे, तर इतर संख्यांचे काय? कोरियन मोजणी 'हाना, दुल, सेत, नेत, दासोत' अशी चालते. मराठीचे 'दोन, तीन, चार' आणि दूरच्या लिथुआनियन भाषेचे 'दू, त्रीस, केतुरी' शेजारी ठेवले की खरे नाते कसे दिसते ते शाळकरी मुलालाही कळेल. तिथे एक शब्द जुळत नाही, सारी मालिकाच जुळते.

दुसरा 'मानी'. कोरियनमध्ये यातील शेवटचा 'ई' हा क्रियाविशेषण करणारा प्रत्यय आहे. मूळ धातू 'मान्ह'. इंग्रजी 'मेनी'चे जुने रूप 'मानिग', गॉथिकमध्ये 'मानाग्स', जर्मनमध्ये आजही 'मान्च'. इंग्रजीतील शेवटचा स्वर हा झिजलेल्या 'इग'चा अवशेष आहे. दोन्हीकडच्या 'ई'चा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. प्रत्यय सोडवले की हाती उरते ते एक 'मान'. एवढ्यावर दोन खंडांची सोयरीक जुळवायची काय?

तिसरा 'सी', म्हणजे बी. पंधराव्या शतकातील कोरियन लेखनात या शब्दाच्या आरंभी 'प' लिहिलेला आढळतो, उच्चार 'प्सी'सारखा. तो 'प' आजही पूर्णपणे मेलेला नाही. भाताच्या रोपाला 'ब्यो' म्हणतात, पण भाताच्या बियाण्याला 'ब्योप्सी' म्हणतात. दोन शब्दांच्या सांध्यात लपून तो जुना वर्ण जिवंत राहिला. इंग्रजी 'सीड'मध्ये असा 'प' कधीच नव्हता. तो पेरणे या अर्थाच्या धातूपासून झालेला शब्द आहे. 'तोंग'चीही तीच कथा. जुन्या कोरियन लेखनात त्याच्या 'त'आधी आणखी एक वर्ण लिहिला जाई.

चौथा 'बोरी'. इंग्रजी 'बार्ली'तील 'ली' हा 'सारखा, संबंधीचा' या अर्थाचा जोड आहे. खरा शब्द 'बेरे' आणि त्याचे लॅटिन भावंड 'फार'. या दोहोंच्या मागे जे मूळ रूप अभ्यासक मानतात, त्यात 'र'नंतर 'स' आहे; कोरियनमध्ये त्या 'स'चा मागमूस नाही. आणि समजा, उद्या या एका शब्दाचे नाते सिद्ध झालेच, तरी सातू हे पश्चिम आशियातून जगभर गेलेले धान्य आहे. धान्याबरोबर त्याचे नावही प्रवास करू शकते. त्याला उसनवार म्हणतात, रक्ताचे नाते म्हणत नाहीत.

उसने आणि रक्ताचे

हा भेद मराठी माणसाला तरी समजावून सांगण्याची गरज पडू नये. मराठीत 'पाव' आहे आणि कोरियनमध्ये 'प्पांग' आहे; दोन्हींचा अर्थ एक, दोन्हींचे मूळ पोर्तुगीज. आपल्याकडे तो शब्द पोर्तुगीजांबरोबर थेट आला, कोरियात तो जपानीच्या वाटेने गेला. 'तंबाखू' आणि कोरियन 'तांबे' यांचीही अशीच एक गंगोत्री. कोरियन तरुण सुटीतल्या अर्धवेळ नोकरीला 'आरुबाइतु' म्हणतो, तो जर्मन 'आर्बाइट', तोही जपानीमार्गे आलेला. कोरियन आणि युरोपीय भाषांतील जी साम्ये खरी आहेत ती बहुतेक अशी आहेत. ती गलबतांनी, व्यापाऱ्यांनी आणि राज्यकर्त्यांनी आणली. पाव खाल्ल्याने मराठी आणि कोरियन बहिणी होत नाहीत.

तान्ह्या मुलांचे शब्दही असेच बाजूला काढावे लागतात. कोरियन मूल बापाला 'आप्पा' म्हणते, आईला 'ओम्मा' म्हणते. त्यावरून केवढे इमले रचले गेले! रोमान याकोबसन यांनी १९६० सालच्या एका प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की, ओठ मिटून उघडल्यावर निघणारे 'म' आणि 'प' हेच ध्वनी बाळाला सर्वांत सोपे असतात आणि जगभरचे आईबाप ते आपल्याला उद्देशून आहेत असे समजतात. जॉर्जियन भाषेत तर 'मामा' म्हणजे बाप आणि 'देदा' म्हणजे आई!

यानंतरही जे उरते त्याला योगायोग म्हणण्याचे धैर्य हवे. माणसाच्या मुखातून निघणारे ध्वनी मोजके, अर्थ मात्र अगणित. त्यात एका बाजूला कोरियन आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी, जर्मन, लॅटिन, ग्रीक, रशियन अशी रांग उभी केली आणि कुठेही जुळले तरी चालेल अशी मुभा घेतली, तर जोड्या सापडणारच. ऑस्ट्रेलियातील म्बाबारम या मूळ रहिवाशांच्या भाषेत कुत्र्याला 'डॉग' म्हणत. फारसीत 'बद' म्हणजे वाईट आणि इंग्रजीत 'बॅड' म्हणजे वाईट, पण या दोहोंचा संबंध नाही. उलट आर्मेनियन 'एर्कु' आणि संस्कृत 'द्वौ' यांच्यात कानाला काहीच साम्य जाणवत नाही. तरी ते सख्खे आहेत, कारण त्यांच्यातील बदल नियमाने झालेला आहे आणि तोच नियम त्या भाषेतील दुसऱ्या शब्दांतही दिसतो. भाषेचे नाते कान ठरवीत नाही, नियम ठरवितो.

आणि हा नियम शोधण्याची दृष्टी जगाला कोठून मिळाली? २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या नात्याविषयी जे विधान केले, त्यात त्यांनी क्रियापदांचे धातू आणि व्याकरणाची रूपे यांवर भर दिला होता. पद फोडून धातू वेगळा, प्रत्यय वेगळा करण्याची शिस्त पाणिनीच्या परंपरेने युरोपला दाखविली. पुढे 'पितृ'चा 'फादर', 'पाद'चा 'फुट' अशी 'प'ची 'फ'शी, आणि 'दश'चा 'टेन', 'दन्त'चा 'टूथ' अशी 'द'ची 'ट'शी नियमबद्ध जोडी लागत गेली. कोरियन आणि युरोपीय भाषांत असा एकही नियम कोणाला दाखविता आलेला नाही. 'मानी' सोडवताना आपण जे केले, ती धातू-प्रत्ययांची फोड ही याच भूमीची देणगी आहे.

नात्याच्या नावाखाली गळा

भाषेचे खोटे कुळ किती घातक ठरू शकते, हे कोरियाने भोगले आहे. १९१० साली जपानने कोरिया खालसा केला. त्याच वर्षी कानाझावा शोझाबुरो या जपानी पंडितांचा दोन्ही भाषांचे एकच मूळ सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात कोरियन ही जपानीचीच एक शाखा असल्याचे मत मांडलेले होते. 'दोन्ही जमाती मुळात एकच' या सिद्धान्ताने राज्यकर्त्यांना आयते समर्थन पुरविले. बहीणच ती, मग तिला वेगळे घर कशाला?

पुढचा क्रम या प्रश्नाचे उत्तर देतो. १९३८ साली शाळांतील कोरियन भाषा ऐच्छिक विषय झाली आणि हळूहळू नाहीशी झाली. १९४० साली कोरियन माणसांना जपानी धर्तीची नावे घेण्यास भाग पाडणारे धोरण अमलात आले आणि त्याच वर्षी प्रमुख कोरियन वृत्तपत्रे बंद पाडली गेली. १९४२ साली कोरियन भाषा संस्थेच्या अभ्यासकांची धरपकड सुरू झाली. त्यांचा अपराध कोणता? ते आपल्या भाषेचा शब्दकोश करीत होते! ३३ जणांवर बडगा उगारला गेला. त्यांपैकी दोघांनी तुरुंगात प्राण सोडले. कोशाचे हस्तलिखित जप्त झाले. १९४५ साली जपानचा पराभव झाल्यानंतर ते सेऊल रेल्वे स्थानकाच्या गोदामात सापडले आणि १९४७ ते १९५७ या काळात सहा खंडांत तो कोश प्रसिद्ध झाला.

एकीकडे दोन भाषांना एक ठरविणारा पंडित आणि दुसरीकडे एकेक शब्द टिपून ठेवण्यासाठी तुरुंगात जाणारा कोशकार. भाषेचा खरा उपासक कोण, हे वेगळे सांगावे लागू नये. आणि शास्त्राने शेवटी काय म्हटले? कोरियन-जपानी नात्याचे एकेकाळचे समर्थक अलेक्झांडर वोविन यांनी पुराव्यांची फेरतपासणी करून २०१० साली आपल्याच जुन्या मताविरुद्ध ग्रंथ लिहिला. दोन्ही भाषांतील साम्ये बव्हंशी देवाणघेवाणीतून आली, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा प्रामाणिकपणा वीस शब्दांची यादी फिरविणाऱ्यांकडे कधी दिसेल काय?

आपल्या अंगणातील मोह

युरोपीयांचा हा मोह हास्यास्पद वाटत असेल, तर त्याच मापाने आपलेही अंगण मोजले पाहिजे. 'व्हॅटिकन' म्हणजे 'वाटिका' असे सांगून टाळ्या घेणारे आपल्याकडेही आहेतच. कोरियनच्या बाबतीत तर हा मोह अधिक मोठा. होमर हल्बर्ट या अमेरिकी गृहस्थाने १९०५ साली कोरियन आणि द्राविड भाषांचे तौलनिक व्याकरण लिहिले, तेव्हापासून तमिळ 'नाळ' आणि कोरियन 'नाल' (दिवस) यांसारख्या जोड्या सांगितल्या जात आहेत. शिवाय कोरियन वाक्यात मराठीप्रमाणेच कर्ता आधी, कर्म मध्ये आणि क्रियापद शेवटी येते. पण ही रचना जपानी आणि तुर्कीतही आहे. घराची दारे एका दिशेला असली म्हणून घरमालक भाऊ होत नाहीत.

तांदळाचे उदाहरण तर सर्वांत बोलके. कोरियन 'साल' म्हणजे तांदूळ आणि संस्कृत 'शालि', मराठी 'साळ' म्हणजे भात. किती गोड जुळणी! परंतु या 'साल'च्या आरंभीही जुना 'प' होता. 'जो' म्हणजे राळ्यासारखे भरडधान्य आणि त्याचा दाणा 'जोप्साल', या समासात तो आजही ऐकू येतो. त्या सुंगकालीन चिनी अधिकाऱ्याने तांदळाचा कोरियन शब्द लिहिताना 'बोधिसत्त्व' या शब्दासाठी रूढ असलेली दोन चिन्हे वापरली, कारण उच्चार 'पोसाल'सारखा होता. 'शालि'त हा 'प' कोठून आणणार? जो नियम 'सीड'ला लावला तोच 'शालि'ला लावला पाहिजे. परक्याला कसोटी आणि स्वकीयाला सवलत, हा न्याय नव्हे. आणि असत्याच्या टेकूवर स्वाभिमान फार काळ उभा राहत नाही. एक जोडी खोटी ठरली की विरोधक तिच्या आधारे खऱ्या दहा गोष्टीही उडवून लावतात.

आणि भारताला या खोट्या टेकूची आवश्यकताच काय? कोरियन भाषेवरील भारताचे ऋण कागदोपत्री सिद्ध आहे. इसवी सन ३७२ मध्ये बौद्ध धर्म कोरियात पोहोचला आणि चिनीच्या वाटेने संस्कृत शब्द तिथल्या बोलण्यात रुजले. 'क्षण' तिथे 'चाल्ला' झाला, 'नरक' तिथे 'नाराक' झाला. गोंधळाच्या जागेला कोरियन माणूस 'असुराजांग' म्हणतो, त्यात आपले असुर आहेत. आपला 'गंधर्व' तर तिथे जाऊन 'गोन्दाल' झाला आणि त्याला उनाड, गुंड माणूस असा अर्थ आला! आठव्या शतकात ह्येचो हा कोरियन भिक्षू भारतात येऊन गेला. त्याच्या प्रवासवर्णनाची प्रत १९०८ साली दुनहुआंगच्या गुहांत सापडली. राजा सेजोंगने १४४६ साली प्रसृत केलेल्या हंगुल लिपीमागे वर्णांची स्थानांनुसार वर्गवारी आहे. जिभेच्या, ओठांच्या, दातांच्या, कंठाच्या स्थानानुसार वर्ण लावण्याची ही पद्धत चीनमध्ये संस्कृत वर्णविचाराच्या प्रभावातून वाढली होती. अक्षरांचे आकार मात्र सेजोंगच्या स्वतंत्र प्रतिभेचे आहेत. १९४० साली सापडलेल्या मूळ स्पष्टीकरण-ग्रंथात ते उच्चारणाऱ्या अवयवांवरून घेतल्याचे स्पष्ट लिहिले आहे. ते श्रेय त्याचे त्याला दिल्याने भारताचे काहीही उणे होत नाही.

अयोध्येची राजकन्या समुद्र ओलांडून कोरियात गेली आणि राणी झाली, ही कथा तेराव्या शतकातील 'साम्गुक युसा' या ग्रंथात आहे. तिचे स्मारक २००१ पासून अयोध्येत उभे आहे. दोन राष्ट्रांच्या मैत्रीचे ते सुंदर प्रतीक आहे. पण प्रतीक आणि पुरावा यांतील अंतर पुसले की दोहोंची प्रतिष्ठा जाते. तिच्या नावाने शब्दकोश जुळवू पाहणारा त्या राणीचा मान वाढवीत नाही.

खरे काम कोणते

शब्दाचे मूळ शोधायचे तर त्याचे सर्वांत जुने रूप शोधावे लागते आणि त्यासाठी आयुष्य खर्ची घालावे लागते. कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांचा १९४६ सालचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' असाच तपश्चर्येतून झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ऐतिहासिक तत्त्वावरील संस्कृत महाकोशाचे काम १९४८ पासून पिढ्यान् पिढ्या चालू आहे. त्या कामाला टाळ्या मिळत नाहीत. वीस शब्दांची यादी मात्र एका सायंकाळी लक्षावधी घरांत जाते.

ज्या जेजू भाषेत कोरियनच्या नात्याचे खरे धागेदोरे आहेत, तिला युनेस्कोने २०१० साली मरणासन्न भाषांच्या यादीत घातले. ती बोलणारे उरले ते बहुतेक वृद्धच. कोरियनचे दूरचे नातलग युरोपात शोधत फिरणाऱ्यांना घरातील ही सख्खी बहीण दिसत नाही, यापरते दुर्दैव कोणते? भारतातही कित्येक बोली अशाच शेवटच्या घटका मोजीत आहेत. ज्याला आपल्या भाषेचा अभिमान मिरवायचा असेल, त्याने घरातल्या आजीच्या तोंडचे शंभर शब्द वहीत उतरवून ठेवावेत. आलेली यादी पुढे धाडण्यापूर्वी मात्र एकच प्रश्न विचारावा, 'या शब्दाचे जुने रूप काय?' ज्याच्याकडे त्याचे उत्तर नाही, त्याच्याकडे व्युत्पत्ती नाही. केवळ यमक आहे.